‘मिस्सा चुकली’ की ‘मिस्सा चुकवली’?

पागोळी
एका शब्दापाशी अडलेय. आमच्या चर्चच्या मराठी सूचना मी टाइप करून देते. गावठाणातली थोडी घरं आणि नव्या इमारतींत राहायला आलेली वसईकडची मंडळी, एवढेच मराठी वाचणारे. त्यामुळे इंग्रजी मजकूर शनिवारी दुपारी हातात पडतो आणि संध्याकाळपर्यंत मराठी फळ्यावर लागायला हवं असतं. मागच्या खेपेला विषय होता रविवारी आणि ठरावीक सणांना मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाण्याचा. ‘ऑब्लिगेशन’ला मी घाईघाईत ‘सक्ती’ लिहून मोकळी झाले.

रविवारी आठच्या मिस्सानंतर दोन म्हाताऱ्या फळ्यापुढे उभ्या. एकीने चष्मा कपाळावर चढवला, कागदाला नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन वाचलं आणि मला म्हणाली, “सक्ती हेल्मेटची असते गो. मिस्साची कशाला?”

आता ‘कर्तव्य’ लिहावं तर नागरिकशास्त्राचं पुस्तक आठवतं, ‘दायित्व’ ताळेबंदातलं वाटतं, ‘बंधन’ म्हटलं की राखी. आणि क्रियापद कुठलं? ‘कर्तव्य पार पाडणे’ म्हणजे इलेक्शन ड्यूटी. तुम्ही काय लिहाल?

मुद्रितशोधक
राखी बाजूला ठेवली तर ‘बंधन’ सर्वांत जवळचं आहे. १९८३ च्या कॅथलिक विधिसंहितेत, कलम १२४७ मध्ये, ‘ओब्लिगात्सिओ’ हाच शब्द आहे आणि त्याच्या पोटात ‘लिगारे’ म्हणजे बांधणे हा धातू आहे. सणांना मात्र तिथे वेगळं विशेषण लागतं, ‘दे प्रेचेप्तो’, म्हणजे आज्ञेचे. तेव्हा माणसाला बंधन आणि सणाला आज्ञा, अशी वाटणी मुळातच आहे. ‘आज्ञेचे सण’ मराठीत सरळ बसतं.

क्रियापदाची गंमत त्याहून मोठी. १९१७ च्या जुन्या संहितेत सणाच्या दिवशी ‘मिस्सा ऐकावी’ असं होतं, ‘आउदिएन्दा’. १९८३ मध्ये ते ‘मिस्सात भाग घ्यावा’ असं झालं. मध्ये उपासनेत मोठे बदल करणारी, जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद होऊन गेली होती. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. वेदीकडे तोंड करून फादर म्हणत, लोक मागे गुडघ्यांवर बसून आपापली जपमाळ ओढत. ऐकणे हे क्रियापद त्या काळाला शोभत होतं. लोकांच्या भाषेत लोक उत्तरं देऊ लागल्यावर ते अपुरं पडलं.

माझगावचा मामा
मुद्रितशोधक, संहिता बदलली तरी आमची आई शेवटपर्यंत मीस ऐकायलाच जायची हो. गोंयकार माणसं आम्ही. घरात ‘मिसाक वचप’ (मिस्साला जाणे) आणि शेजाऱ्यांशी मराठीत बोलताना ‘मिस ऐकून येते’. कोकणीत या बंधनाला बांदपास म्हणतात. तो शब्द मराठीत आणला तर म्हाताऱ्या चष्मा वर करणार नाहीत असं वाटतं, पण इमारतींतली पोरं करतील.

एक सांगतो. वडील बोटीवर होते. सुट्टीवर आले की धोबीतलावच्या आमच्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या मुंबईतल्या बिऱ्हाडात, त्यांचे सोबती जमायचे आणि कुणीतरी हटकून विचारायचं, समुद्रात सहा सहा महिने मीस नाही, मग पापांचा डोंगर केवढा? वडील म्हणायचे, फादर बोटीवर नाही तर मीस बोटीवर येणार कुठून, रविवारी तेर्स (जपमाळ) म्हणतो की आम्ही. पुढे कुणी फादरांनीच सांगितलं तेव्हा कळलं की कायद्यातही तसंच आहे. धर्मगुरू मिळत नसेल किंवा तसंच गंभीर कारण असेल, तर प्रार्थनेला वेळ द्यावा अशी जोरदार शिफारस आहे. सक्ती तिथे नाही. तेव्हा ‘सक्ती’ला माझाही विरोध.

शब्दखुळी
पागोळीताई, नामाच्या मागे कशाला लागताय? मराठीने ही सगळी भानगड एका क्रियापदात मिटवून ठेवली आहे. ‘मिस्सा चुकली’ आणि ‘मिस्सा चुकवली’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात मिस्सा कर्ता आहे, माणूस जणू बाजूला उभा. ताप होता, तान्हं मूल होतं, नर्सची डबल ड्यूटी लागली, मिस्सा चुकली. दुसऱ्यात माणसाने स्वतः हात घातलाय. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद २१८१ नेमका हाच फरक करतो: आजारपण किंवा तान्ह्या बाळाची काळजी अशी गंभीर कारणं असली, किंवा आपल्या धर्मगुरूने सूट दिली असली, तर दोष नाही, जाणूनबुजून टाळली तर गंभीर पाप. तिथे हे सांगायला वाक्यं खर्ची पडली आहेत. आपल्याकडे मध्ये एक ‘व’ घातला की झालं.

आणि पुढे बघा. कर चुकवतात तो चुकवणारा. पण वाण्याचं बिल ‘चुकतं’ करतो तो सरळ माणूस! म्हणजे एकाच दिसण्याच्या शब्दातून बुडवणंही निघतं आणि फेडणंही. हिंदीत चूकना आणि चुकना हे दीर्घ-ऱ्हस्वाने तरी वेगळे राहिले, आपल्याकडे दोघे एकाच खोलीत. त्यामुळे ‘रविवारचं देणं चुकतं केलं’ असं लिहिलंत तर बरोबर होईल, पण निम्मे वाचक उलटं समजतील. नका लिहू.

हार्बरलाइन
मेगाब्लॉकमुळे मिस्सा चुकली. व आहे का नाही?

शब्दखुळी
ब्लॉक सहसा दहा-अकरानंतर सुरू होतो आणि सकाळची पहिली मिस्सा असते साधारण सातला. तुमच्या वाक्यात व आहे.

हार्बरलाइन
शनिवारी संध्याकाळी गेलो होतो, बाई. तेवढी अक्कल आहे.

मुद्रितशोधक
मग हिशोब पुरा. आदल्या संध्याकाळची मिस्सा चालते, कलम १२४८. आदल्या संध्याकाळी जाण्याला मराठीत काही शब्द आहे का? आमच्याकडे सगळे ‘अँटिसिपेटेड’ म्हणतात. तो उच्चार करायला लागेल तेवढ्यात स्तोत्र संपतं.

पागोळी
आमच्याकडे नुसतं ‘शनवारची’. “ह्या वेळी शनवारची केली” म्हटलं की समजतं. सूचनेत मी ‘रविवारची मिस्सा, शनिवारी संध्याकाळी’ असं लिहिते. वाचणाऱ्याला पहिल्या खेपेला चूक वाटते, दुसऱ्या खेपेला कळतं.

वसईवाला
‘आज्ञेचे सण’ला माझं मत. पण त्याचबरोबर लोकांच्या डोक्यातला एक घोळही निस्तरा. गर्दीचा सण आणि आज्ञेचा सण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संहितेत रविवार सोडून दहा सण आहेत: नाताळ, प्रभुप्रकटीकरण, येशूचं स्वर्गारोहण, ख्रिस्तशरीराचा सण, १ जानेवारीचा देवमातेचा, ८ डिसेंबरचा निष्कलंक गर्भसंभवाचा, १५ ऑगस्टचा मरीयेच्या स्वर्गोन्नयनाचा, संत जोसेफ, संत पीटर व पॉल, आणि सर्व संतांचा. यातले काही कमी करायचे की रविवारवर ढकलायचे हे त्या त्या देशाचं बिशप मंडळ रोमच्या संमतीने ठरवतं, म्हणून दहाच्या दहा सगळीकडे बंधनकारक नसतात.

आता यात काय नाही ते बघा. मोतमाउलीचा (माउंट मेरीचा) ८ सप्टेंबर नाही! बांद्र्याच्या टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते, मेणाचे हातपाय विकले जातात, आमच्या वसईहून माणसं जातात, पण नियमाच्या भाषेत तो दिवस साधा. राखेचा बुधवार नाही. गुड फ्रायडे तर नाहीच, त्या दिवशी मिस्साच होत नाही, तरी देऊळ फुटेस्तोवर भरतं. (आम्ही देऊळच म्हणतो, चर्च नाही. ती चर्चा दुसऱ्या धाग्यात.)

तिऱ्हाईत
मी ख्रिस्ती नाही, दादरला राहतो, पण माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला आईबरोबर पुष्कळदा गेलोय. वाचताना एक शब्द सारखा जिभेवर येतोय: नेम. आजोबा वारकरी होते. एकादशी आणि वारी हा त्यांचा नेम. नेम पाळतात, नेम मोडतो, नेम चुकतो. यात सक्ती नाही आणि सैलपणाही नाही. ‘रविवारच्या मिस्साचा नेम’ कसं वाटतं?

शब्दखुळी
कानाला फार गोड. पण नेम माणूस स्वतः धरतो. आजोबांनी माळ घातली म्हणून वारी आली. मिस्साचं बंधन बाप्तिस्म्याबरोबर येतं, विचारून येत नाही. बुधवारची नोव्हेना हा खरा नेम. नऊ बुधवार धरतात, म्हणूनच तर नोव्हेना, लॅटिन ‘नोव्हेम’ म्हणजे नऊ. असे लोक मी पाहिलेत ज्यांचा बुधवार सुटत नाही आणि रविवार सहज सुटतो. मामांच्या भाषेत, नेम पक्का, बांदपास कच्चा.

माझगावचा मामा
हे बाकी खरं. माझ्याच घरात एक आहे. नाव सांगत नाही, जेवण मिळणार नाही.

कल्याणची
आमच्या घरी मिस्सा हा शब्दच नाही. आई-बाबा केरळचे, सिरो-मलबार, म्हणजे सिरियन परंपरेचे कॅथलिक, आमचं धर्मप्रांतही वेगळं, कल्याणचं, १९८८ पासूनचं. आम्ही मिस्साला कुर्बाना म्हणतो, कुर्बानाला जातो. शाळेत बाईंनी मराठीत विचारलं रविवारी काय केलंस, मी म्हटलं कुर्बानाला गेले, तर वर्ग बकऱ्याची चौकशी करायला लागला.

घरी रडत आले होते, आता हसू येतं. शब्द खरंच एका घरातले आहेत. कुर्बाना सिरियाक, कुर्बानी अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेली, आणि दोन्हींच्या मुळाशी ‘जवळ येणे’ हा अर्थ. देवाजवळ न्यायची ती भेट, ते अर्पण. आणि पागोळीताई, सूचनेत हेही टाका की कुठल्याही कॅथलिक विधीने झालेली मिस्सा चालते. लॅटिन, म्हणजे तुमच्या रोमन विधीच्या, चर्चमधली माझी मैत्रीण आमच्याकडे आली तर तिचा रविवार झाला, मी तिच्याकडे गेले तर माझा.

मुद्रितशोधक
वा. मग तिन्ही शब्द एका ओळीत लावा. ख्रिस्तयाग, मिस्साचा पुस्तकी मराठी शब्द: यज् धातू, यज्ञ करणे. कुर्बाना: जवळ नेणे. आणि मिस्सा? शेवटी फादर लॅटिनमध्ये म्हणत ‘इते, मिस्सा एस्त’. जा, तुम्हांला निरोप आहे. अख्ख्या विधीला नाव पडलं ते त्याच्या शेवटच्या वाक्यावरून, पाठवणीवरून. मूळ धातू ‘पाठवणे’, मिशन त्यातलंच. मराठी ‘निरोप’ इथे चपखल बसतो, कारण निरोप देणे म्हणजे रजा देणे आणि निरोप धाडणे म्हणजे सांगावा पाठवणे, दोन्ही. १९०३ साली फादर डोरिंग यांनी सुरू केलेल्या मराठी कॅथलिक मासिकाचं नाव ‘निरोप्या’ आहे. नाव ठेवताना त्यांच्या मनात मिस्सा होती असा माझा दावा नाही. पण मला मात्र ते नाव वाचलं की मिस्साच आठवते.

हार्बरलाइन
म्हणजे निरोपाआधी जो निघाला त्याची मिस्सा भरली नाही? आमचे काका ख्रिस्तप्रसाद घेतला की थेट पार्किंगला.

माझगावचा मामा
काका शेवट कापतात, आमच्या वाडीत सुरुवात कापायचे. अर्पणविधीच्या आत पोचलं की मीस भरली, असा ठोक हिशोब. शुभवर्तमान चालू असताना बाहेर बिडी. आजच्या संहितेत मिनिटं कुठे लिहिलेली नाहीत, आणि व्हॅटिकन परिषदेने तर वाचनं आणि अर्पण ही मिळून एकच उपासना म्हटलंय. पण ‘भरली’ हे क्रियापद बघा, हजेरी भरते तशी. शब्दातच मस्टर आहे.

वसईवाला
२०२० पासून चौथं क्रियापद आलंय, ‘मिस्सा पाहिली’. लॉकडाऊनमध्ये मोबाइल टीपॉयवर ग्लासाला टेकवून. आमच्या आतेला अजून वाटतं की पाहिली म्हणजे झाली. तिचं वय आणि गुडघे पाहता तिच्यावर बंधनच उरत नाही, ती बघते ते तिच्या भक्तीने. पण तिला ‘तुझ्यावर बंधन नाही’ म्हटलं की राग येतो. म्हणते, मला काय देवळातून नाव कमी केलं का?

पागोळी
वसईवाले, तुमच्या आतेने मला उत्तर दिलं! ‘सूट’ आणि ‘सुटका’ दोन्ही शब्द मी कापले. सूट धर्मगुरू देतो, ती ठीक, पण म्हाताऱ्या माणसाला ‘तुमची सुटका झाली’ कसं म्हणायचं?

शेवटी असं लिहिलं: “रविवारी आणि आज्ञेच्या सणांना मिस्साला येणे हे आपणां सर्वांवरचे बंधन आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्साही चालते. आजारी माणसे, त्यांची आणि तान्ह्या बाळांची देखभाल करणारे, यांची मिस्सा चुकली तर मनाला लावून घेऊ नये. मुद्दाम चुकवू नये.” ख्रिस्तयाग न घालता मिस्साच ठेवलं. कल्याणचीची ओळही घातली, कुठल्याही कॅथलिक विधीची. ‘भाग घेणे’ लिहिणार होते, पण ‘येणे’ जास्त सरळ वाटलं. मुद्रितशोधक रागावतील.

मुद्रितशोधक
रागावलो. पण ‘आपणां’वर अनुस्वार दिलात, तेवढ्यावर माफ.

पागोळी
आज सकाळी तीच म्हातारी. चष्मा वर, नाक कागदाला. सगळं वाचून झालं. म्हणाली, “आता बरं लिवलंस. पण शनवारची किती वाजता, सहाला का साडेसहाला? ते खंय लिवलंय?”

लिहिलं नव्हतं. पेनाने घालून आले.