मदत हवी आहे: आई सिनियर लिव्हिंगमध्ये जायचं म्हणतेय, तिथे राहणाऱ्यांचा आणि घरच्यांचा अनुभव कसा आहे?

नमस्कार मंडळी,

आई ७६ वर्षांची आहे, बाबा गेल्यापासून एकटीच राहते. हिंडतीफिरती आहे, स्वतःचं सगळं स्वतः करते, बीपीची गोळी आणि गुडघे सोडले तर तक्रार नाही. पण संध्याकाळी दार लावलं की सकाळपर्यंत कुणाशी बोलणं नाही, आणि मध्यंतरी बाथरूममध्ये पाय घसरला, लागलं फारसं नाही पण हात द्यायला कुणी नव्हतं, तेव्हापासून तिनेच विषय काढलाय की मला सिनियर लिव्हिंगमध्ये जायचंय. हे मुद्दाम सांगतेय, कल्पना तिची आहे, आमची नाही. दादाला अजिबात पटलेलं नाही, त्याचं म्हणणं आम्ही असताना आईने तिकडे का जावं आणि लोकांना काय सांगायचं. मी आईच्या बाजूने आहे, पण आतून धास्तावलेय हेही खरं.

माहितीपत्रकं ढिगाने वाचून झाली, सगळीकडे तेच हसरे आजी-आजोबा आणि हिरवळ. मला तिथे राहणाऱ्यांकडून आणि ज्यांचे आईवडील तिथे आहेत त्यांच्याकडून ऐकायचंय की एखादा साधा मंगळवार कसा जातो.

एक ठिकाण आम्ही बघून आलो. इमारत छान, रॅम्प आहेत, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं, बाथरूममध्ये धरायला दांड्या, कशातच नाव ठेवायला जागा नाही. पण दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीयेत. एक म्हणजे खोली दाखवणाऱ्या बाईंनी एका आजींच्या दारावर टकटक केली आणि आतून काही उत्तर यायच्या आधीच दार उघडून आम्हाला आत नेलं. आजी केस विंचरत होत्या. दचकल्यासुद्धा नाहीत हो, नुसता कंगवा खाली ठेवला आणि उभ्या राहिल्या, म्हणजे हे रोजचंच असणार. आणि दुसरं, हॉलमध्ये सातआठ जण टीव्हीसमोर बसलेले, बघत कुणीच नव्हतं, आणि रिमोट रिसेप्शनच्या टेबलावर! आईने विचारलं तर म्हणाले वाद होतात म्हणून आमच्याकडेच ठेवतो. परत येताना आई एवढंच म्हणाली की माणसं चांगली आहेत, पण मला तिथे पाहुणीसारखं नाही राहायचं.

तर माझा मुख्य प्रश्न हाच आहे. तिथे गेल्यावर माणसाचा स्वतःच्या दिवसावर किती ताबा राहतो? कधी उठायचं, कुणाबरोबर बसायचं, कुणाला घरी बोलवायचं, दार कधी लावून घ्यायचं? आणि उद्या तब्येत खालावली तर तेच लोक बघतात की दुसरीकडे जा म्हणतात? प्लीज सविस्तर लिहा, चांगलं वाईट दोन्ही.

*

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः अशाच ठिकाणी राहतो, सौ.सुद्धा बरोबर आहे. आम्हीही मुलांना न दुखावता पण स्वतःच्या निर्णयाने आलो, म्हणून तुमच्या आईंचं म्हणणं मला लगेच कळलं.

सगळ्यात मोठं सुख सांगू का? नळ गळतोय, दिवा गेलाय, लिफ्ट बंद आहे, यातलं काहीच आता माझ्या डोक्यावर नाही. आणि दार उघडलं की बोलायला कुणीतरी आहे. सौ. इथे येऊन चित्रं काढायला शिकली, घरी असताना तिला कधी फुरसतच मिळाली नव्हती.

पण पहिले काही महिने जड जातात, हे कुणी आधी सांगत नाही. घर आवरताना निम्मं आयुष्य वाटून टाकावं लागतं, नवीन जागी रात्री झोप लागत नाही, जेवणाच्या हॉलमध्ये प्रत्येक टेबलाची मंडळी ठरलेली असतात आणि आपण ताट घेऊन उभे. आईंनी घाबरून लगेच परत यायचं ठरवू नये आणि तुम्हीही फोनवर तिचा रडवेला आवाज ऐकून लगेच न्यायला जाऊ नका. आणखी एक, इथे ओळखी होतात तशी माणसं जातातही. रात्री ॲम्ब्युलन्स आली की सगळ्या मजल्यावर दिवे लागतात. मृत्यू झाला तर काही ठिकाणी नुसतं नाव काढून टाकतात, कुणी बोलतच नाही, ते फार लागतं. आम्ही भांडून शोकसभा सुरू केली.

तुमच्या मुख्य प्रश्नाबद्दल, एकच बघा, रहिवाशांची स्वतःची कमिटी आहे का आणि तिच्या सांगण्यावरून शेवटचं काय बदललं. हा प्रश्न व्यवस्थापनाला नको, रहिवाशांना विचारा. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली ज्येष्ठ व्यक्तींसाठी १८ तत्त्वं स्वीकारली, त्यात संस्थेत राहणाऱ्या माणसाचा खाजगीपणा आणि स्वतःच्या काळजीबद्दल निर्णय घ्यायचा हक्क स्वच्छ शब्दात लिहिलाय. आमच्या नोटीसबोर्डवर ते आम्ही लावलंय. दारावर टकटक करून थांबणं ही मेहेरबानी नाही.

*

प्रतिसाद २

माझे वडील अशा ठिकाणी आहेत. भावनिक बाजू वर काकांनी छान लिहिलीये, मी कागदांचं सांगतो कारण आमची दमछाक तिथेच झाली.

करार सही करायच्या आधी घरी आणून शांतपणे वाचा, शक्यतो वकिलाला दाखवा. डिपॉझिट परत कधी मिळणार ते बघा, बऱ्याच करारांत ती जागा दुसऱ्या कुणी घेतल्यावरच पैसे परत अशी अट असते आणि तोपर्यंत खोली रिकामी असली तरी मेंटेनन्स चालू राहू शकतो. दरवर्षी किती वाढवणार, हॉस्पिटलमध्ये असताना जेवणाचे पैसे कापणार का, दोघांपैकी एक गेलं तर दर काय, हे सगळं लेखी घ्या, तोंडी गोड बोलणं उपयोगाचं नाही.

आणि तब्येत खालावली तर काय, हा तुमचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. स्वतंत्रपणे राहणाऱ्यांसाठी, थोडी मदत लागणाऱ्यांसाठी, आणि स्मृतिभ्रंश किंवा अंथरुणाला खिळलेल्यांसाठी अशा वेगवेगळ्या पायऱ्या असतात, सगळ्या एकाच आवारात असतीलच असं नाही. कोण कुठल्या पायरीवर हे ठरवताना बऱ्याचदा सहा गोष्टी बघतात, आंघोळ, कपडे घालणं, टॉयलेटला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. ही यादी सिडनी कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी १९६३ मध्ये मांडली, अजून वापरात आहे. तुम्ही विचारायचं ते हे की यातल्या किती गोष्टी जमेनाशा झाल्या की तुम्ही जागा बदलायला सांगता, तो निर्णय कोण घेतं आणि आम्हाला किती दिवस आधी कळवता. आमच्याकडे हे संदिग्ध होतं आणि बाबांचं विसरणं वाढल्यावर अचानक खाजगी अटेंडंट ठेवा म्हणून सांगितलं, तो खर्च वेगळा. आता नवीन जागी नीट आहेत.

दादांना माझ्याकडून सांगा, मीही असाच अडून बसलो होतो, मला वाटायचं मुलगा म्हणून माझं काम संपलं. उलट झालंय. आधी भेटलो की गोळ्या घेतल्या का, आंघोळ केली का यावरूनच आमची कटकट व्हायची, आता ते दुसरं कुणीतरी बघतं आणि मी गेलो की आम्ही नुसते बुद्धिबळ खेळत बसतो.

*

प्रतिसाद ३

मी अशा ठिकाणी नर्स म्हणून काम करते, म्हणून आतलं थोडं. दाखवायला नेतात तेव्हा नाही, न सांगता संध्याकाळी उशिरा किंवा सुट्टीच्या दिवशी जा. रात्रपाळीला किती जण असतात आणि किती रहिवाशांमागे, ते विचारा. बाथरूममधली इमर्जन्सीची दोरी जमिनीपर्यंत लोंबते का ते वाकून बघा, लादी पुसताना मध्ये येते म्हणून वर गाठ मारून ठेवलेली मी पाहिलीये, आणि पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही. कर्मचारी सारखे बदलत असतील तर बाकी कितीही चकचकीत असो, जाऊ नका, रोज नवीन माणसाने अंगाला हात लावणं म्हाताऱ्या माणसाला नको होतं.

रिमोटचं तुम्हाला खटकलं ते अगदी योग्य. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांचा १९७६ चा अभ्यास शिकवला होता. एका नर्सिंग होममध्ये (म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, म्हाताऱ्या माणसांना कायम सांभाळणारी संस्था) एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचे निर्णय तुम्ही घ्या, कुंडी निवडा आणि तिला पाणी तुम्हीच घाला, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा ते ठरवा. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की तुमचं सगळं आम्ही बघू, कुंडीलाही आम्हीच पाणी घालू. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि आनंदी दिसली. आम्ही कामाच्या घाईत हे विसरतो, पटकन बटणं लावून देतो कारण त्यांना वेळ लागतो. तेव्हा ट्रायल स्टे असेल तर नक्की घ्या आणि आईंना विचारा की काय काय त्यांना न विचारता झालं.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, काकांचा आणि नर्सताईंचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. दादालाही लिंक पाठवली, त्याने करारातले प्रश्न स्वतः लिहून काढलेत, म्हणजे निदान बोलायला तरी लागलाय. आता दुसरी जागा बघतोय, तिथे महिनाभर राहून बघता येतं. नर्सताई, आईने एक विचारायला सांगितलंय, स्वतःच्या गोळ्या स्वतःच्या ताब्यात ठेवता येतात का? तिला कुणी हातावर आणून ठेवलेली गोळी नकोय.

*

प्रतिसाद ३

स्वतंत्र राहणाऱ्यांना सहसा ठेवता येतात. मदतीच्या पायरीवर असतील तर आधी बघतात की नावं, वेळा लक्षात राहतात का, झाकण उघडता येतं का, आणि मग कुलपाचा ड्रॉवर देतात. काही ठिकाणी मात्र सरसकट सगळ्यांच्याच काढून घेतात, तेव्हा जायच्या आधी विचारा आणि हो म्हणाले तर करारात लिहून घ्या. डॉक्टरांकडून सध्याच्या औषधांची यादीही बरोबर न्या.