सल्ला हवा : जुना ड्राय व्हॅन (बंद पेटीसारखा मालवाहू) ट्रेलर कापून गाड्या वाहण्यासाठी वापरता येईल का?

मूळ प्रश्न (डॅलसजवळून)

नमस्कार. माझे शेजारी आणि मी गेली काही वर्षे जुन्या गाड्या दुरुस्त करून प्रदर्शनांना नेतो, पण लहान ट्रेलरवरून एका वेळी एकच गाडी ओढत नेण्याचा आता कंटाळा आला आहे. जवळच्या यार्डात १९९९ सालचा ५३ फुटी ड्राय व्हॅन ट्रेलर स्वस्तात मिळतो आहे. त्याचे छत आणि दोन्ही भिंती कापून टाकायच्या, उरलेल्या फ्लोअरवर तीन गाड्या एकामागे एक उभ्या करायच्या आणि मागे आठ फुटी रॅम्प लावायचा, असा आमचा बेत आहे. वेल्डिंग आम्हा दोघांनाही येते. ओढणारा ट्रॅक्टर (ट्रकचा इंजिन-केबिनचा पुढचा भाग) शेजाऱ्यांचा आहे आणि त्यांच्याकडे असे अवजड ट्रेलर ओढण्याचा क्लास ए परवानाही आहे. पैसे देण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद (इलिनॉयहून)

मी ट्रेलर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, म्हणून आधी मुख्य गोष्ट सांगतो : भिंती कापू नका. फ्लॅटबेडखाली (भिंती-छत नसलेल्या सपाट ट्रेलरखाली) पुढून मागपर्यंत जाणारे दोन जाड बीम असतात, तसे व्हॅनखाली नसतात. तिथे साधारण फूटफूट अंतरावर फक्त आडवे बीम असतात आणि त्यांच्यावर पडणारा भार खालच्या रेलमधून (भिंतीच्या कडेने जाणाऱ्या लांब पट्टीतून) भिंतीच्या पत्र्यात व तिथून वरच्या रेलमध्ये जातो, म्हणजे किंगपिनपासून (ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पुढच्या खुंटीपासून) मागच्या चाकांपर्यंतचे अंतर ती भिंतच पेलून धरते. काडेपेटीचे बाहेरचे कवच घेऊन त्याच्या दोन बाजू कापून पाहिल्यात, तर मला काय म्हणायचे आहे ते लगेच कळेल.

आमच्याकडे एकदा असा ट्रेलर आला होता, ज्याच्या बाजूला मालकाने स्वतःच फाटकाएवढे दार कापले होते. दाराच्या कोपऱ्यांपासून वरपर्यंत प्रत्येक रिव्हेटभोवती काजळीसारख्या काळ्या रेघा उमटल्या होत्या, कारण पत्रा आणि रिव्हेट एकमेकांवर घासत होते. पुढून मागे दोरी ताणून मोजले, तेव्हा रिकाम्या ट्रेलरलाही मध्ये दीड इंच झोळ निघाला. तुम्ही तर दोन्ही भिंती आणि छतही काढणार आहात!

रॅम्पचा हिशेबही जमत नाही. व्हॅनचा फ्लोअर जमिनीपासून सुमारे ४८ इंच उंच असतो, त्यामुळे आठ फुटी रॅम्पचा चढ बरोबर ३० अंशांचा होईल आणि तुमच्या बसक्या जुन्या गाड्यांचे पोट वरच्या कडेवर टेकेल. चढ १२ अंशांवर ठेवायचा असेल, तर १९ फुटांहून लांब रॅम्प लागेल.

व्हॅनच घ्यायची असेल, तर ती अखंड ठेवून गाड्या विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) आत ओढाव्यात. मात्र आत गेल्यावर गाडीचे दार जेमतेम उघडते, हे लक्षात असू द्या.

प्रतिसाद (ह्यूस्टनहून)

वरील मताशी पूर्ण सहमत आहे. मी तुमच्या जागी असतो, तर जुना स्टेप डेक (पुढे उंच आणि मागे खाली अशा दोन टप्प्यांचा उघडा, सपाट ट्रेलर) शोधला असता. त्याचा खालचा टप्पा सुमारे ४० इंचांवर असतो, म्हणजे १२ अंशांच्या चढाला १६ फुटी रॅम्प पुरतो, आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःचे बीम असतात. त्या बीमच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना भोके पाडू नका आणि त्यांवर आडवे वेल्डिंगही करू नका, कारण जास्त ताकदीच्या पोलादाला तडा बहुधा अशाच जागी सुरू होतो. जोडकाम उभ्या भागावर करा आणि वेल्डिंगचे ७०१८ रॉड कोरडे ठेवा.

आणखी एक गोष्ट अशी की २६ जानेवारी १९९८ पासून बनलेल्या अशा ट्रेलरना मागचा संरक्षक गार्ड (मागून धडकणारी गाडी खाली घुसू नये म्हणून असलेला आडवा दांडा) आणि १ मार्च १९९८ पासून बनलेल्या एअर ब्रेकच्या ट्रेलरना एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे. त्यामुळे त्यानंतरचा ट्रेलर घेतलात, तर रॅम्पची बिजागरी बसवण्याच्या नादात गार्ड कापला जाऊ नये.

गाडी बांधताना नियम किमान दोन पट्टे किंवा साखळ्या मागतो, एक पुढे आणि एक मागे. मी मात्र चारही चाकांना स्वतंत्र पट्टा लावतो. दोन इंची पट्ट्यावर बहुधा ३,३३३ पौंड असा सुरक्षित भाराचा आकडा छापलेला असतो; तो पुसला गेला असेल, तर तो पट्टा वापरू नये.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी दोरी घेऊन यार्डात गेलो. व्हॅनला झोळ नव्हता, पण डाव्या भिंतीवरच्या दहा-बारा रिव्हेटभोवती तुम्ही म्हणता तशा काळ्या रेघा दिसल्या, त्यामुळे तो बेत तिथेच सोडला. त्याच यार्डात ४८ फुटी स्टेप डेक आहे. खालच्या टप्प्यावर दोनच गाड्या मावतील. वरचा टप्पा जेमतेम अकरा फुटांचा असल्याने तिसरी गाडी पुढची चाके वर आणि मागची खाली अशी उभी करावी लागेल. टप्प्यांतला फरक २० इंचांचा आहे, म्हणजे १२ अंशांनी आठ फुटांच्या, काढता येतील अशा दोन फळ्या पुरतील असे वाटते. अशी तिरपी गाडी कोणी वाहून नेली असेल, तर मागच्या चाकांना कुठून बांधले ते कृपया सांगावे.

प्रतिसाद (ह्यूस्टनहून)

मी नेली आहे. मागच्या चाकांचे पट्टे टप्प्याच्या दिशेने पुढे न ओढता मागे ओढून बांधा, फळ्या गाडीखाली तशाच राहू द्या आणि त्यांनाही वेगळे बांधा. पहिल्या दहा-पंधरा मैलांनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा, कारण गाडीचे सस्पेन्शन तोवर बसलेले असते आणि पट्टे हमखास सैल होतात.