अमेरिकन राज्यांच्या घटनेतला देव: नुसता नमस्कार की पात्रतेची अट?

नितीन_ऑस्टिन
मंडळी, जरा गंभीर विषय आहे. अमेरिकेच्या केंद्रीय राज्यघटनेत देव नाही. शेवटी १७८७ सालची तारीख घालताना 'आपल्या प्रभूच्या वर्षी' असं त्या काळच्या रिवाजाने लिहिलंय तेवढंच, आणि सहाव्या कलमात तर स्पष्ट म्हटलंय की केंद्राच्या कुठल्याही पदासाठी धर्माची अट घालायची नाही. पण राज्यांच्या आपापल्या घटना आहेत आणि त्या पन्नासच्या पन्नास घटनांमध्ये देव कुठल्या ना कुठल्या नावाने आहेच, सगळे मिळून दोनशेच्या आसपास उल्लेख. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला देवाचे आभार मानलेत, ते एक वेळ सोडून देऊ. आमच्या टेक्सासचं बघा. पहिल्याच प्रकरणातलं चौथं कलम म्हणतं की सरकारी पदासाठी धर्माची परीक्षा नाही, धार्मिक मतांवरून कुणाला डावलायचं नाही, आणि मग त्याच वाक्यात पुढे, मात्र त्याने परमेश्वराचं अस्तित्व मानलेलं असावं! आर्कान्सॉ अजून पुढे गेलंय, तिथल्या घटनेत देव नाकारणाऱ्याला सरकारी पद तर नाहीच, कोर्टात साक्षही देता येत नाही. मेरीलँड, टेनेसी, मिसिसिपी, दोन्ही कॅरोलिना, सगळीकडे असलं काहीतरी अजून छापलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच की 'तू देव मानतोस का' हे विचारायचा हक्क राज्याला मुळात दिला कुणी?

जुनाजाणता
नितीनराव, अर्धीच गोष्ट सांगितलीत. ही कलमं १९६१ सालीच मेली. मेरीलँडमध्ये रॉय टॉर्कासो म्हणून एक गृहस्थ होते, त्यांना नोटरी व्हायचं होतं, देवावर विश्वास आहे असं डिक्लरेशन द्यायला त्यांनी नकार दिला आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकाल लिहिला, सगळे न्यायाधीश एका बाजूला, राज्यालाही अशी सक्ती करता येणार नाही. विषय संपला. आता जे कागदावर उरलंय तो इतिहास आहे, त्यावर एवढं रान उठवण्यासारखं काही नाही.

आणि देवाचं नाव आलं की लोक लगेच दचकतात, ते मला पटत नाही. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हक्क निर्मात्याने दिलेत असं म्हटलंय, त्याला अर्थ आहे. सरकारने दिलेला हक्क सरकार उद्या परत घेईल, जो सरकारच्या आधीपासून माणसाजवळ आहे तो कसा घेणार? तो जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसननेच लिहिलेला व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ ला पास झाला, त्याची सुरुवातच सर्वशक्तिमान देवाने माणसाचं मन मोकळं निर्माण केलंय इथून होते. चर्चसाठी लोकांकडून सक्तीने पैसा घेऊ नका हे पटवायला त्याने देवाचाच आधार घेतला!

मुक्ता_एनजे
जेफरसनचं बरोबर आहे काका, पण त्याच्या सहा वर्षं आधीची मॅसॅच्युसेट्सची घटना घ्या. तीही विश्वाच्या महान विधात्याचे आभार मानते आणि त्याच घटनेने गावागावांत प्रोटेस्टंट पाद्र्यांचा खर्च लोकांच्या करातून करायची सोय केली, ती चालली १८३३ पर्यंत. देवाचं नाव दोघांनीही घेतलं, एकाने सक्ती काढायला, एकाने सक्ती करायला. म्हणून त्या नावावर भरवसा ठेवून चालत नाही, खाली नियम काय लिहिलाय ते बघावं लागतं.

आणि मेलेली कलमं म्हणताय तर हर्ब सिल्व्हरमन यांचं वाचा. साउथ कॅरोलिनात गणिताचे प्रोफेसर. नोटरीचं काम म्हणजे काय असतं, समोरच्याचं ओळखपत्र बघायचं, सही आपल्यासमोर झाली ना याची खात्री करायची आणि शिक्का मारायचा, यात देव कुठून आला? तर त्यांनी फॉर्मवरच्या शपथेतला देवाचा उल्लेख खोडला आणि अर्ज नामंजूर झाला. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला १९९७ साली! टॉर्कासोच्या निकालानंतर छत्तीस वर्षांनी एका माणसाला तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागलं. २००९ ला नॉर्थ कॅरोलिनात ॲशव्हिल शहराच्या कौन्सिलवर सेसिल बॉथवेल निवडून आले तेव्हाही विरोधकांनी हेच देवाचं कलम पुढे करून कोर्टात खेचायची भाषा केली. त्यांचं पद टिकलं, पण लोकांनी मत देऊन निवडलेल्या माणसाला ही धमकी ऐकावी लागलीच ना.

दीक्षाभूमी_ते_डॅलस
सगळे आस्तिक विरुद्ध नास्तिक धरून चाललेत म्हणून लिहितोय. मी बौद्ध आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली, त्यात माझे आजोबा होते. आमच्या धम्मात जग निर्माण करणारा परमेश्वर ही कल्पनाच नाही. माझी मुलगी इथेच जन्मलीय, पंचशील रोज म्हणते, उद्या तिला काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, एखाद्या पदासाठी उभं राहायचं असेल तर टेक्सासच्या घटनेतलं ते वाक्य वाचून तिने काय समजायचं? कोर्ट तिच्या बाजूने आहे हे मला माहितीये. पण धर्म असलेली, धर्म पाळणारी मुलगी कागदावर अपात्र, आणि देव मानतो म्हणणारा कुठलाही माणूस पात्र, हे मला सहन होत नाही. आपले जैन शेजारीही सृष्टीकर्ता मानत नाहीत, त्यांनाही विचारा.

सातारी_बाणा
भावना समजल्या दादा, पण देश ज्यांनी उभा केला त्यांची श्रद्धा पुसून टाकायची का? तिथले लोक देवाला मानणारे, त्यांनी आपल्या घटनेत देवाचं नाव घातलं, यात बाहेरून गेलेल्यांनी बोलायचं कारण काय. उलट आपण चुकलो असं माझं मत आहे. १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी संविधान सभेत उद्देशिका 'ईश्वराच्या नावाने' सुरू करा अशी दुरुस्ती मांडली होती, ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. देवाला मानणाऱ्या देशात देवाचं नाव मतदानात हरलं, आजही वाचलं की वाईट वाटतं.

माळकरी
सातारी, मी गळ्यात माळ घातलेला माणूस आहे, आणि मला त्याच दिवसाचं दुसरं बोलणं आवडतं. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनंती केली होती की देवावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका. हृदयनाथ कुंझरूंचाही विरोध होता, श्रद्धा ज्याची त्याची, ती सगळ्यांवर मिळून लादायची नाही असं त्यांचं म्हणणं. आणि देव हरला कुठे? शपथ घेताना 'ईश्वरसाक्ष' म्हणा नाहीतर 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' करा, दोन्ही सोयी आपल्या संविधानात पहिल्यापासून आहेत, ज्याला जे मनापासून म्हणता येईल ते त्याने म्हणावं. नोकरीसाठी, पदासाठी कुणी विठ्ठलाचं नाव घेतलं तर ते नाव खोटं घेतलं जाणार, आणि याचा जास्त त्रास मला होतो, न मानणाऱ्याला नाही.

अजून एक. देव सरकारात आणला की कुठला देव हा प्रश्न लगेच येतो. २००७ ला वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, कामकाजाआधी हिंदू पुरोहित राजन झेड यांनी पहिल्यांदा हिंदू प्रार्थना म्हटली तेव्हा गॅलरीतून लोकांनी ओरडून ती मध्येच थांबवली, पोलिसांनी त्या ओरडणाऱ्यांना बाहेर काढलं तेव्हा कुठे प्रार्थना पुरी झाली.

नितीन_ऑस्टिन
माळकरी, अगदी मनातलं लिहिलंत. जुनेजाणते, आता तुम्हाला विचारतो. टेक्सासची घटना १८७६ ची, तिच्यात आजवर ५०० च्या वर दुरुस्त्या झाल्यात. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि मग लोकांचं मतदान, ही सगळी यातायात करून वाट्टेल त्या बारीकसारीक गोष्टी बदलल्या. मेलेलंच आहे म्हणता तर हे अर्धं वाक्य काढायला कुणी पुढे का येत नाही?

जुनाजाणता
कारण जो पुढे येईल त्याच्यावर पुढच्या निवडणुकीत देवाचा शत्रू असा शिक्का बसेल, हे उघड आहे. डॅलसवाल्यांच्या मुलीचं वाचून मात्र सांगतो, ते अर्धं वाक्य आणि आर्कान्सॉचं साक्षीचं कलम काढायला माझी ना नाही. पण आभाराच्या ओळींना हात लावू नका. त्या कुणाला कुठलं पद नाकारत नाहीत, आणि त्या काढायला निघालात तर ज्यांच्या मतांवर ती वाईट कलमं काढायचीत तेच लोक विरोधात जातील. मुक्ता, तुझा आग्रह त्याही काढायचा आहे का ते सांग, मग पुढे बोलू.

मुक्ता_एनजे
आभाराच्या ओळी राहू द्यात काका, माझं भांडण अटींशी आहे. पण लुईझियानाने २०२४ मध्ये सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायचा कायदा केला, तोही तुमच्या मते नुसता नमस्कारच का? केंटकीचा असाच कायदा सुप्रीम कोर्टाने १९८० ला रद्द केलेला असताना? तिथे मुलं पाच-सहा वर्षांची आहेत आणि शाळेत जाणं त्यांना सक्तीचं आहे.