मदत हवी आहे: फ्लेम स्कॅलप (पाणी गाळून खाणारा शिंपला) दिलेलं शेवाळ बाहेर टाकतोय

नमस्कार मंडळी. सांगलीत 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, आरओचं पाणी, घनता 1.025, तापमान 26 अंश, नायट्रेट 10. अमोनिया शून्य.

रोज संध्याकाळी स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि यूव्ही दिवा तासभर बंद करून, वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) मंद ठेवून जिवंत नॅनोक्लोरोप्सिस हे सूक्ष्म शेवाळ देतो. शिंपला उघडतो, पण थोड्या वेळात कडेला हिरवट चिकट दोरे साचतात आणि फटकन मिटून तो ते बाहेर फेकतो. ही विष्ठा नव्हे; गाळलेलं न गिळताच परत.

संशय दोन. एकतर मात्रा एकदम जास्त होतेय, किंवा नॅनोक्लोरोप्सिसचा कण फारच बारीक (2-3 मायक्रॉन) आणि त्याची पेशीभित्तिका जाड. आयसोक्रायसिस हे दुसरं सूक्ष्म शेवाळ 4-6 मायक्रॉनचं, पचायला सोपं, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याचं घरी वाढवलेलं कल्चर मरून जातं.

एकदम देण्याऐवजी डोसिंग पंपाने दिवसभर थेंब-थेंब कोणी देतं का? किती मिली, आणि नायट्रेट कुठवर चढलं? आयसोक्रायसिसचा उष्णता सोसणारा टी-आयसो वाण रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात मिळतो का? बाटलीतलं मेलेलं शेवाळ कृपया सुचवू नका, ते तळाशी बसून पाणीच नासवतं.

आणि हो, दुकानदार 'खायला काही घालावं लागत नाही' म्हणतात, त्यावर जाऊ नका. हा प्राणी महिनोन् महिने गुपचूप उपाशी मरतो.