अण्णांना समुद्र दाखवायचाय, पण गर्दी नको

औसेकर: मंडळी, औशाहून विचारायलो. आमचे अण्णा ७२ वर्षांचे, माळकरी. पंढरपूर दरसाल, पण समुद्र अजून डोळ्यांनी बघितला नाही. मांजरा धरण भरलं की तोच आमचा समुद्र. २०१६ ला तर लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं, तुम्हाला ठावं असंल. आता अण्णा म्हणायलेत, "एकदा ते पाणी बघू द्या." गोव्याचं नाव काढलं की पोरं नाचतात अन् अण्णा उठून जातात. गाणी, मोटारबोटी त्यांना सोसत नाहीत. फेब्रुवारीत गाडी काढायची म्हणतो. कोकणात एखादा लहानसा, निवांत किनारा सांगा. मासे चालणार नाहीत, अन् अण्णांचे गुडघे धरलेत. पोहायची काळजी नाही, पोरं विहिरीत पोहून तयार हायेत.

वेंगुर्लेकर: तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं ओढून नेतं. पोरांना कमरेच्या वर जाऊ देऊ नका. ओढ लागलीच तर सरळ किनाऱ्याकडे हात मारत बसू नये, दम संपतो. आडवं पोहत ओढीच्या बाहेर पडायचं.

जागा म्हणाल तर आमच्या तालुक्यातलं खवणे. छोटा किनारा, शेजारी खाडी. निवतीचा किल्ला जवळच आहे, पण तो चढ गुडघ्यांना नको. जेवण आधी सांगून ठेवा. फेब्रुवारीत ओल्या काजूंची उसळ मिळते, सोबत घावणे आणि सोलकढी. माशांची आठवणही येणार नाही.

भरतीचा हिशेब अण्णांकडेच द्या, माळकऱ्याला तिथी तोंडपाठ. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. एकादशी म्हणजे सव्वाआठ, सकाळी आणि रात्री. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. थोडं मागंपुढं होतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी फार वर चढतं.

परभणीचा पाहुणा: गाडी वाळूत घालू नका, एवढंच सांगतो. मी घातली. चाकं रुतली अन् पाणी चढायला लागलं. गावातल्या सात-आठ जणांनी ढकलून काढली, वर चहा पाजला. रस्ता सोलापूर, मिरज, कोल्हापूर, मग राधानगरीवरून फोंडा घाट. एका दमात जाऊ नका, कोल्हापूरला मुक्काम करा. धपाटे बांधून घ्या.

औसेकर: आलो जाऊन. मुद्दाम एकादशी साधली, त्यामुळं काजूची उसळ अण्णांनी दुसऱ्या दिवशी खाल्ली, दोनदा मागून. पोरं कमरेपर्यंतच गेली, कुरकुर केली ती निराळी. किनाऱ्यावर आम्ही अन् जाळं निवडत बसलेली दोन माणसं, बास.

अण्णा सकाळी सातलाच खुर्ची टाकून बसले. लाटांच्या अलीकडं वाळूत काठी रोवली अन् माझं घड्याळ मागून घेतलं. काठीला पहिलं पाणी लागलं तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. सव्वाआठपर्यंत उठले नाहीत, धोतर भिजलं तरी.

आता औशात ओट्यावर बसून रोज सकाळी सांगतात, आज खवण्याला पाणी किती वाजता चढणार ते.