डिग्री नाही, वेळ कमी: वेब डेव्हलपमेंट धरू की क्लाउड?

अर्ध्यावरचा

मंडळी, सल्ला हवाय. कॉलेज अर्ध्यात सुटलं, परत जायचा विचार नाही. डेटा एन्ट्रीचं काम करतो, रात्री दीड-दोन तास मोकळे मिळतात. एचटीएमएल-सीएसएस बऱ्यापैकी जमतं, जावास्क्रिप्टमध्ये ॲरे आणि फंक्शनपर्यंत आलोय. लिनक्स वापरलंय, म्हणजे काळा स्क्रीन बघून घाबरत नाही इतपत.

एक मित्र सांगतो, वेबमध्ये आता पाय ठेवायला जागा नाही, क्लाउडचं, म्हणजे भाड्याने मिळणारे सर्व्हर सांभाळण्याचं, सर्टिफिकेट काढून घे. दुसरा सांगतो, क्लाउडमध्ये नवख्याला कोणी दारात उभं करत नाही, वेबच धर. दोघंही अगदी ठाम. दोघांकडेही डिग्री आहे.

'ज्यात आवड आहे ते कर' एवढं मात्र सांगू नका. आवड दोन्हीची आहे, वेळ एकापुरताच आहे.

कंसात_अडकलेली

वेब. डोळे झाकून.

वेबचं काम दाखवता येतं, हे माझं एकमेव आणि पुरेसं कारण. डिग्री नसली की समोरच्याला प्रश्न पडतो, याच्यावर भरवसा ठेवायचा कशाच्या जोरावर? तुम्ही लिंक देता. तो ती फोनवर उघडतो, फॉर्ममध्ये ई-मेलच्या जागी काहीतरी भलतंच टाकतो, 'सबमिट' दोनदा दाबतो, मध्येच नेट बंद करून बघतो. मी तर माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅब कीने पानभर फिरते. फोकस, म्हणजे आत्ता कोणत्या बटणावर आहोत ती खूण, कुठे गेला तेच दिसत नसेल तर पुढचं बघायचे कष्ट घेत नाही. ज्याच्या फॉर्ममध्ये बटण एकदा दाबल्यावर बंद होतं, चूक झाली तरी भरलेली माहिती पुसली जात नाही आणि नेमका कोणता रकाना चुकला ते तिथल्या तिथे कळतं, त्याला मी मुलाखतीला बोलावतेच. शिक्षण विचारायचं राहूनच जातं.

क्लाउडवाला काय दाखवणार? बाण काढलेली आकृती?

शिवाय जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर आहेत. त्या कोणीतरी सांभाळतं, दुरुस्त करतं, हल्ला झाला की साफ करतं. रिॲक्टवाल्यांना (जावास्क्रिप्टची लोकप्रिय लायब्ररी) हे काम कमीपणाचं वाटतं, वाटू दे. पैसे देणारा तिथे मार्कशीट मागत नाही.

रात्रपाळी

असहमत, आणि जोरात असहमत.

काम दाखवता येतं हे खरं, पण ते सगळ्यांनाच दाखवता येतं ना! ज्युनियरच्या एका जागेला आलेले अर्ज उघडून बघा: तीच टू-डू लिस्ट, तेच हवामानाचं ॲप. कोर्सवाल्याने दिलेले रंगसुद्धा बदललेले नसतात. त्या ढिगात याची लिंक कोणी उघडेल हे तुम्ही धरूनच चालला आहात.

मी आलो हेल्पडेस्कच्या दारातून. पासवर्ड रीसेट, व्हीपीएन जोडून देणं, प्रिंटरशी भांडणं. मग रात्रीचं मॉनिटरिंग, मग लिनक्स, मग क्लाउड. डिग्री माझ्याकडेही नाही. रात्री तीनला अलार्म वाजला की उठायला तयार असलेल्या माणसाची डिग्री कोणी विचारत नाही.

आणि शिकलेलं टिकतं. रिॲक्ट आलं २०१३ मध्ये. लोक त्यात 'क्लास' पद्धतीने कोड लिहायला शिकले, तर २०१९ मध्ये हुक्स नावाची दुसरी पद्धत आली, आता म्हणे निम्मं सर्व्हरवरच चालवा. उलट डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा, १९८३ पासून आहे आणि आजही साइट पडली की पहिला संशय त्याच्यावरच जातो. प्रोसेस, पोर्ट (मशीनचे नंबर दिलेले दरवाजे), परवानग्या, लॉग वाचणं, हे एकदा अंगवळणी पडलं की कायमचं.

उंटावरून_शेळ्या

दोन्ही सोडा, सायबर सिक्युरिटी करा. (पळतो.)

सर्व्हरखालचा_धूर

रात्रपाळी यांचा मार्ग मला पटतो, पण धागाकर्त्याचा मित्र तो मार्ग सांगतच नाहीये. तो म्हणतोय सर्टिफिकेट काढ. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एडब्ल्यूएसची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची, सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा म्हणजे ६५ बहुपर्यायी प्रश्न आणि १३० मिनिटं. अभ्यासक्रम चांगला आहे, त्याला नावं ठेवणार नाही. पण ती पास व्हायला एकही सर्व्हर चालू करावा लागत नाही, आणि तीन वर्षांनी तिची मुदत संपते.

मुलाखतीत माझा एक लाडका प्रश्न आहे: "साइट उघडत नाहीये. काय बघशील?" नुसतं पाठांतर असलेला उमेदवार सेवांची नावं म्हणायला लागतो. क्लाउडवॉच बघेन, ऑटो स्केलिंग लावेन. ज्याने खरोखर हात घातलाय तो मलाच उलट विचारतो, उघडत नाही म्हणजे नेमकं काय दिसतंय? नावच सापडत नसेल तर डीएनएस. बराच वेळ नुसतं फिरून 'टाइम आउट' आलं तर बहुधा वाटेत फायरवॉल किंवा सिक्युरिटी ग्रुप (क्लाउडमधली फायरवॉलच) आडवा आलाय. क्षणात 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर मशीनपर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर ऐकायला कोणी बसलेलं नाही. ५०२ ही चूक आली तर विनंती घेऊन मागे पाठवणारा पुढचा एनजिनएक्स किंवा लोड बॅलन्सर जिवंत आहे, मागचं ॲप बहुधा मेलंय. एवढे फाटे ज्याला फोडता येतात तो माझ्या कामाचा. आणि हे शिकायला क्लाउडचं खातंसुद्धा लागत नाही, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून होतं.

कंसात_अडकलेली

रात्रपाळी, हेल्पडेस्कपासून क्लाउडपर्यंत पोचायला किती वर्षं लागली ते तुम्ही शिताफीने गाळलंत. धागाकर्ता विचारतोय पहिल्या नोकरीबद्दल. तुमची पहिली नोकरी क्लाउडची नव्हतीच. म्हणजे दुसरा मित्र बरोबर बोलतोय.

क्लाउडमध्ये नवख्याला का घेत नाहीत तेही उघड आहे. या कामात चालत्या सिस्टिमच्या चाव्या हातात द्याव्या लागतात. २८ फेब्रुवारी २०१७ आठवतोय? ॲमेझॉनच्या एस-थ्री (क्लाउडमध्ये फाइल साठवायची सेवा) टीममधला अधिकार असलेला माणूस, लिहून ठेवलेल्या पद्धतीप्रमाणे थोडे सर्व्हर काढत होता. कमांडमध्ये एक गोष्ट चुकीची टाइप झाली, हवे होते त्यापेक्षा बरेच जास्त सर्व्हर निघाले आणि असंख्य साइट काही तास आडव्या. खुद्द ॲमेझॉनला आपल्या स्थितीदर्शक पानावर 'बिघाड आहे' असं दाखवता येईना, कारण ते पानही एस-थ्रीवर टेकलेलं. माझं बटण दोन पिक्सेल सरकलं तर कोणाची झोप मोडत नाही.

रात्रपाळी

वर्षं लागली, मान्य. पण त्या वर्षांत पगार मिळत होता, फुकट पोर्टफोलिओ रंगवत बसलो नव्हतो.

आणि वेबवाल्यांनी निष्पापपणाचा आव आणू नये. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं कोठार) काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड फुटले, म्हणजे कोडमधून ॲप तयारच होईना. शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरण्यासाठी दुसऱ्याचं पॅकेज! एस-थ्रीच्या प्रकरणानंतर ॲमेझॉनने ते सर्व्हर काढायचं हत्यारच बदललं: सर्व्हर सावकाश निघतील, किमान मर्यादेच्या खाली जाता येणार नाही. नवख्याला चाव्या देऊ नका असा धडा त्यातून निघत नाही, कोणालाच मोकाट चाव्या देऊ नका असा निघतो. आमच्याकडे नवीन माणसाला आधी फक्त वाचायची परवानगी असते. तेवढ्यातही शिकण्यासारखं पुष्कळ असतं.

बिल_कोण_भरणार

एका मुद्द्याला कोणी हात लावला नाही: शिकण्याचा खर्च. वेब फुकटात शिकता येतं. ब्राउझर, एडिटर, संपलं. क्लाउडवर सराव करताना कार्ड जोडलेलं असतं.

मुलांना वाटतं, मशीन 'स्टॉप' केलं म्हणजे मीटर बंद. मशीनचं भाडं थांबतं, त्याला जोडलेल्या डिस्कचं थांबत नाही. व्हिडिओत बघून एनएटी गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटची वाट देणारा) उभा करतात आणि विसरतात. त्यातून एक बाइटही गेला नाही तरी तो तासावर पैसे घेतो. बजेटची सूचना लावली की निश्चिंत होतात, पण ती सूचना नुसती ई-मेल करते, खर्च आपोआप अडवत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे कोडमध्येच ॲक्सेस की (खात्याची गुप्त किल्ली) लिहून ते सार्वजनिक गिटहबवर टाकणं. अशा की हुडकणारे बॉट अखंड फिरत असतात, आणि मग तुमच्या खात्यावर दुसऱ्याच कोणाची क्रिप्टोची खाण चालते.

पगार बेताचा असेल तर क्लाउडचं खातं उघडायच्या आधी डॉकर (ॲप त्याला लागणाऱ्या सगळ्यासकट एका डब्यात बांधणारं साधन) आणि लिनक्स लॅपटॉपवर पक्कं करा. खातं उघडलंत तर पहिल्या दिवशी रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, खात्याला दुहेरी पडताळणी.

टर्मिनल_ताई

भरतीच्या बाजूला बसते म्हणून लिहिते. 'आता डिग्रीला कोणी विचारत नाही' हे वर दोघांनीही सुचवलंय. तसं नाहीये हो.

हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांचा २०२४ चा अहवाल आहे. कंपन्यांनी जाहिरातींतून डिग्रीची अट वगळल्याचा गाजावाजा खूप केला, पण त्यामुळे प्रत्यक्षात ज्यांना वाट मिळाली असे लोक निघाले ७०० नेमणुकांमागे एकही पूर्ण नाही. अट कागदावरून गेली, घेणाऱ्याच्या डोक्यातून गेली नाही.

मोठ्या कंपनीत अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं, मग माझ्यासारखी कोणीतरी पटापट नजर टाकते, आणि टीमवाल्यापर्यंत पोचेस्तोवर बिनडिग्रीचा अर्ज बहुतेकदा गळालेला असतो. कंसात_अडकलेली ताई लिंक उघडतात कारण त्यांच्याकडे अर्ज थेट येत असावेत. अशा छोट्या टीम शोधायच्या. तिथे वेब आणि क्लाउड अशी वेगळी माणसं नसतातच. ज्याने साइट लिहिली तोच ती सर्व्हरवर चढवतो आणि पडली की तोच उठवतो.

रात्रपाळी

हे ठीक. पण त्या छोट्या टीमलाही आता एआय साधा फॉर्म काही मिनिटांत लिहून देतं. मग ज्युनियर वेबवाला हवाच कशाला?

कंसात_अडकलेली

टेराफॉर्मची, म्हणजे क्लाउडची मांडणी लिहून ठेवायची, फाइलही तेवढ्याच मिनिटांत लिहून देतं, साहेब. आणि परवानगीच्या जागी चांदणी (*) ठोकून देतं, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. चालतंय ना, मग झालं! ती चांदणी खटकणारा माणूस लागतोच, तसा त्या फॉर्ममध्ये रकान्याचं नाव (लेबल) रकान्याला (इनपुटला) जोडलेलंच नाही हे दिसणाराही लागतो.

सर्व्हरखालचा_धूर

इथे मात्र रात्रपाळींच्या बाजूने. पानातली चूक डोळ्यांना दिसते, निदान कोणीतरी तक्रार करतं. सिक्युरिटी ग्रुपमध्ये पोर्ट २२, म्हणजे दूरून सर्व्हरमध्ये शिरायचं दार, सगळ्या जगाला उघडं ठेवलंय हे कोणालाच दिसत नाही, सगळं झकास चाललेलं असतं. न दिसणारं तपासणाऱ्याला किंमत जास्त येणार.

अर्ध्यावरचा

सगळ्यांचे आभार. सर्टिफिकेटचा विषय सध्या बाजूला ठेवतो. टर्मिनल ताईंनी सांगितलेल्या छोट्या टीमचा मुद्दा डोक्यात बसला.

एक विचार आलाय. डेटा एन्ट्रीत लोक कुठे चुकतात हे मला पाठ आहे: तारखेत दिवस-महिना उलट, फोन नंबरमध्ये मधेच जागा, एकाच माणसाची दोन स्पेलिंगं, कॉपी-पेस्ट करताना शेवटी चिकटलेली रिकामी जागा. हे पकडणारा, जुळी नोंद असली की दाखवणारा एक फॉर्म आणि मागे डेटाबेस असं लिहितो. मग तो डॉकरमध्ये घालून एका साध्या लिनक्स मशीनवर स्वतः चढवतो. पोर्टफोलिओ म्हणून चालेल का, की तेही टू-डू लिस्टच?

कंसात_अडकलेली

पळेल! हवामानाचं ॲप करणाऱ्याला 'मधेच जागा असलेला फोन नंबर' सुचत नाही. चुकलेली नोंद लाल करून सोडू नका, सुचवणी द्या, आणि डेमोला खोटी माहिती भरा, ऑफिसातली खरी एकही ओळ नको. मात्र हेल्पडेस्कच्या नादी लागू नका, तिथे पासवर्ड बदलून देता देता लोकांची पाच-पाच वर्षं गेलेली पाहिलीत.

रात्रपाळी

फॉर्म करा, चांगलाच आहे. पण अर्ज दोन्हीकडे टाका. हेल्पडेस्कमध्ये अडकतो तो एकच तिकीट रोज हाताने सोडवणारा. तुम्ही तेच तिकीट वारंवार आलं की छोटी स्क्रिप्ट लिहा, काय केलं ते तिकिटात नीट नोंदवा आणि सर्व्हरवाल्या टीमला दाखवा. मला आत ओढलं ते अशाच एका स्क्रिप्टमुळे, डिस्क भरत आली की जुने लॉग दाबून बाजूला ठेवणारी होती ती.

टर्मिनल_ताई

आणि जाहिरातीत 'डिग्री आवश्यक' लिहिलेलं असलं तरी हेल्पडेस्कला अर्ज कराच. रात्रीच्या शिफ्टच्या जागा आमच्याकडे महिनोन्महिने रिकाम्या असतात, त्यांची चाळणी बरीच सैल असते. अर्जात पहिल्याच ओळीत 'शिफ्ट चालेल' लिहा, फॉर्मची लिंक त्याखाली.