मदत हवी आहे: लिव्हर कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रक्तातल्या कॅन्सर पेशींची टेस्ट करावी का?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोलीची. आठवडाभर एकाच प्रश्नाने झोप उडाली आहे. थोडं लांबेल, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

माझे बाबा ६१ वर्षांचे. मागच्या वर्षी पावसाच्या तोंडावर सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसली, तीन सेंटीमीटरच्या आसपास. ट्रायफेजिक सीटीत ती हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा निघाली, म्हणजे लिव्हरच्या स्वतःच्या पेशींतूनच उठलेला कॅन्सर. मूळ कारण हेपॅटायटिस बी. तो अंगात कधीपासून होता कोण जाणे. बाबांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण लिव्हरचं दुखणं म्हटलं की समाचाराला आलेला माणूस आधी 'घेत होते काय?' असंच विचारतो, आणि आई काही न बोलता उठून आत जाते.

ऑपरेशन मुंबईत झालं, गाठीसकट लिव्हरचा तुकडा काढला. एएफपी, म्हणजे ह्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा रक्तात वाढणारं प्रथिन, ऑपरेशनआधी ४१२ होता, नंतर ४ वर आला. मार्चमध्ये ५. जूनमध्ये ९. लॅबच्या कागदावर १० च्या आतलं नॉर्मलच आहे, पण त्या चाराच्या नवाकडे बघून आम्हाला जेवण गेलं नाही. मार्चमधला सीटी स्वच्छ होता.

आता मुद्दा. ओळखीतून एका खाजगी लॅबचा माणूस घरी आला. रक्तात फिरणाऱ्या कॅन्सर पेशी, म्हणजे सीटीसी, त्यांच्या टेस्टमध्ये 'स्कॅनच्या कितीतरी आधी' सापडतात म्हणाला. रक्त घरी येऊन घेणार, कुरिअरने परराज्यात पाठवणार, २२ हजार रुपये. निघताना बाबांच्या हातात जांभळ्या बुचाची रिकामी ट्यूब देऊन म्हणाला, 'काका, एवढंच रक्त.' ती ट्यूब अजून देवघराच्या फळीवर आहे. बाबा रोज विचारतात, कधी येणार तो?

मी जमेल तेवढं वाचलं. गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तात उतरतात हे खरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरने १८६९ मध्येच मृत रुग्णाच्या रक्तात अशा पेशी पाहिल्या होत्या. अडचण आहे ती ओळखण्याची. एका मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी काही अब्ज, पांढऱ्या पन्नास लाख ते कोटीच्या घरात, आणि त्यात ह्या असल्याच तर बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून १९९० च्या दशकात संशोधकांनी पेशीऐवजी तिच्या आतला एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठीचा पेशीतला निरोप, शोधायला घेतला. एएफपी बनवणाऱ्या पेशीत त्याचा एमआरएनए असतो. रक्तपेशी एएफपी बनवत नाहीत. तेव्हा रक्तात तो आरटी-पीसीआरने सापडला, तर लिव्हरची पेशी तिथे पोचली आहे असं धरायचं. आरटी-पीसीआर हा शब्द कोविडपासून घरोघरी माहीत, त्यामुळे बाबांना हे लगेच पटलं.

मला मात्र पटत नाही. लिव्हरची पेशी म्हणजे कॅन्सरचीच कशावरून? आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली, सीटी स्वच्छ असला, तर डॉक्टर करणार काय? निगेटिव्ह आली तर आम्ही निश्चिंत व्हायचं का? पैशाचं कसंही बघू, पण पॉझिटिव्ह कागद हातात घेऊन नुसतं बसायची वेळ आली तर बाबा खचतील. कुणी ही टेस्ट केली असेल किंवा ह्या क्षेत्रात असाल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी डॉक्टर नाही, पण पुण्यात मॉलिक्युलर लॅबमध्ये अकरा वर्षं काम केलंय. तुमची शंका अगदी बरोबर जागी आहे. लिव्हर पुन्हा वाढत असतानाही एएफपी बनतो, आणि ऑपरेशनमध्ये साध्या, निरोगी पेशीही रक्तात सांडतात. अल्ब्युमिनचा (लिव्हरच बनवतं ते आणखी एक प्रथिन) एमआरएनए शोधणाऱ्या टेस्ट तर निरोगी माणसाच्या रक्तातही पॉझिटिव्ह यायच्या, कारण पीसीआर इतका संवेदनशील की पांढऱ्या पेशींतला अगदी किंचित एमआरएनएही तो पकडतो. उलट बाजूने, एमआरएनए फार नाजूक असतो. रक्त नीट टिकवलं नाही तर तो विरून जातो आणि टेस्ट निगेटिव्ह दिसते. पावसात डिचोलीहून परराज्यात जाणारं कुरिअर डोळ्यांसमोर आणा.

अख्ख्या पेशी पकडण्याची सेलसर्च ही पद्धत अमेरिकेच्या एफडीएने २००४ मध्ये मान्य केली, ती पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी. नंतर मोठं आतडं आणि प्रोस्टेट. लिव्हर त्यात नाही. ती एपकॅम नावाच्या प्रथिनाला चुंबकी कण चिकटवून पेशी ओढते, आणि लिव्हर कॅन्सरच्या बऱ्याच पेशींवर एपकॅम नसतंच. संशोधनात वेगळे गळ वापरून बघताहेत, पण त्या निकालावरून उपचार बदलावेत असं ठरलेलं नाही.

ऑपरेशननंतर पाच वर्षांत हा कॅन्सर सत्तर टक्क्यांपर्यंत लोकांत परत येतो, म्हणून सीटी किंवा एमआरआयची तारीख चुकवू नका. एएफपीच्या जोडीला पिव्का-२ ही लिव्हर कॅन्सरसाठीची दुसरी रक्ततपासणी करायची का ते डॉक्टरांना विचारा. फक्त बाबा वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेत असतील तर तो उगाच वाढलेला येतो, ते आधी सांगा. आणि पीसीआरच करायचा तर हेपॅटायटिस बीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, करा. शेवटचा कधी केला? विषाणू उसळला तरी एएफपी थोडा चढतो. विषाणूवरची गोळी चालू आहे ना?

धागाकर्ती:

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी थेट बाबांच्या खोलीत गेले. गोळ्यांचा डबा उघडला. एन्टेकॅव्हिरची पट्टी होती, दहातल्या दोन गोळ्या काढलेल्या, पट्टीवर धूळ. बाबा म्हणाले, 'गाठ काढली ना, मग आता कशाला?' एप्रिलपासून गोळी बंद होती. गाठ गेली तरी विषाणू लिव्हरमध्येच आहे, हे त्यांना बसून समजावून सांगायला हवं होतं. आम्ही कुणीच सांगितलं नाही.

काल गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाऊन आलो. व्हायरल लोडसाठी रक्त दिलं, गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा चालू केली, सीटीची तारीख एक महिना अलीकडे घेतली. कॅन्सर पेशींच्या टेस्टबद्दल डॉक्टर म्हणाले, 'त्याचा निकाल काहीही आला तरी मी सीटीच करणार.' लॅबच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. माझं आणि भावाचं एचबीएसएजी, म्हणजे हेपॅटायटिस बी आहे का त्याची टेस्ट, तीही केली, दोघांचं निगेटिव्ह आहे, लस घेतो आहोत.

गोळी आता आई सकाळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी देते. खाण्यापासून दोन तास लांब ठेवायची असते. बाबा सध्या माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात तिच्या) तयारीत आहेत, स्टुलावर चढू देत नाही म्हणून रागावलेत. सीटी चवथीनंतरच्या सोमवारी आहे. व्हायरल लोड आणि सीटी, दोन्ही रिपोर्ट आले की इथेच लिहीन.